शाळा सोडल्याचे कारण

दिवाळी संपली की पुण्यात दोन हंगाम सुरू होतात. एक लग्नांचा आणि दुसरा शाळेच्या गेट-टुगेदरांचा. लग्नाला जायला कोणी घाबरत नाही, पण गेट-टुगेदरचं बोलावणं आलं की चांगली हसती-खेळती माणसं गप्प होतात, हे मी गेली कित्येक वर्षं बघते आहे. जावं की नको यावर घरात दोन-दोन दिवस खल चालतो. अचानक गुडघे दुखायला लागतात, नेमका त्याच दिवशी नातवाचा वाढदिवस निघतो. आणि गेलंच कोणी, तर परत आल्यावर म्हणतं, "छान झालं हो सगळं... पण मला आपलं तिथं परक्यासारखंच वाटत होतं."

या परकेपणाची लोक साधारण दोन कारणं सांगतात. एक म्हणजे पैसा. कोण अमेरिकेला गेला, कोणाचा बंगला झाला आणि आपण मात्र इथंच राहिलो, वगैरे. दुसरं कारण स्वभावाचं. "मी पहिल्यापासून जरा अबोलच" असं म्हणून माणूस सगळा दोष स्वतःकडे घेऊन मोकळा होतो. दोन्ही कारणं थोडीफार खरी असतील, मी नाही म्हणत नाही. पण पस्तीस वर्षं शाळेत काढल्यावर मला एक तिसरं कारण दिसतं. ते माणसांच्या स्वभावात नसतं, शाळेच्या कपाटात असतं.

ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना जनरल रजिस्टर माहीत असेल. जाड पुठ्ठ्याचं, कापडी पाठीचं, दोन हातांनी उचलावं लागणारं बाड. त्यात प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, आधीची शाळा, कोणत्या इयत्तेत कोणत्या तारखेला दाखल, अभ्यासातली प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि अगदी शेवटी 'शाळा सोडण्याचे कारण'. या शेवटच्या रकान्यात क्लार्क दोन-तीन शब्दांच्या वर काही लिहीत नाही. जागाच तेवढी असते. 'एस.एस.सी. पास', 'परगावी गेल्यामुळे', 'सतत गैरहजर', 'फी थकल्यामुळे', 'लग्न झाल्यामुळे', आणि सगळ्यांत जास्त वेळा 'पालकांच्या विनंतीवरून'.

आता गंमत बघा. गेट-टुगेदर कोण बोलावतं? ज्यांच्या रकान्यात 'एस.एस.सी. पास' लिहिलंय ते. बॅच मोजली जाते ती शेवटच्या परीक्षेच्या सालावरून. 'सदुसष्टची बॅच', 'त्र्याऐंशीची बॅच' असंच आपण म्हणतो. वर्ग सुरू झाला तेव्हा जी मुलं बाकावर बसली होती, त्यांतली शेवटपर्यंत टिकली तेवढीच बॅच. मधे गळलेल्यांपैकी कोणी कधी आलाच, तर तो पाहुणा. त्याला परकं वाटलं तर त्यात त्याच्या स्वभावाचा दोष किती, आणि त्या रकान्याचा किती?

म्हणून म्हटलं, हा रकाना आमच्या भागापुरता जरा उलगडून बघावा. आमची नारायण पेठ तशी शाळांच्या गराड्यात वसलेली आहे. रमणबाग आमचीच. हुजूरपागा, नूमवि, भावे स्कूल सगळ्या चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा जे इथं घडलं तेच थोड्याफार फरकानं सगळीकडे घडलं असणार.

पहिलं कारण, 'लग्न झाल्यामुळे'.

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. त्या वाड्याचे शेवटचे अवशेष डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवले. त्या पहिल्या वर्गातल्या मुलींचा मेळावा भरला असता तर कोण कोण आलं असतं, असा विचार माझ्या मनात त्या वेळी आला होता. त्या मुलींपैकी बहुतेकींचं पुढे काय झालं ते इतिहासात सापडत नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, म्हणून ती तरी आपल्याला माहीत. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुली माहीत नाहीत.

पुढे २९ सप्टेंबर १८८४ ला न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर वगैरे मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा होती त्या जागेवर ते उभं राहिलं, म्हणून हुजूरपागा. हायस्कूल काढणं धाडसाचं होतंच, पण मुली त्यात टिकणं त्याहून अवघड. त्या काळी आठव्या-नवव्या वर्षी लग्न होत असे. सासरकडून बोलावणं आलं की पाटी-पुस्तक आवरायचं. शाळा निघाल्यावर तीनच वर्षांत 'केसरी'तून तिच्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर कडक टीका झाली. मुलींना घरसंसाराला उपयोगी पडेल तेवढं शिकवावं, दिवसभर शाळेत अडकवू नये, असा त्या टीकेचा सूर होता. मुलीचा दिवस हा घरच्या कामाचा दिवस, असंच तेव्हा धरलेलं होतं.

कायद्याची चाल तर गोगलगायीची. १८९१ च्या संमतीवयाच्या कायद्यानं दहाचं वय बारावर नेलं, तर त्यावरून पुण्यात केवढं रान पेटलं! तोही लग्नाच्या वयाचा कायदा नव्हताच. मुलीच्या लग्नाचं वय पहिल्यांदा ठरवलं ते १९२९ च्या शारदा कायद्यानं. ते ठरलं चौदा, आणि अंमल १ एप्रिल १९३० पासून. १९४९ मध्ये ते पंधरा झालं आणि १९७८ मध्ये अठरा. म्हणजे हिशेब करा. मी शिक्षिका म्हणून नोकरीला लागले तेव्हाही पंधरा वर्षांच्या मुलीचं लग्न कायद्यानं होऊ शकत होतं. नववीत बसलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर आली नाही की आम्ही दोन आठवडे वाट बघायचो. मग तिचे वडील दाखला न्यायला यायचे, आणि येताना पेढे आणायचे.

बरं, मुलगी नुसती शाळेतून गेली असं नाही, तिचं नावही गेलं. आपल्याकडे नावाचे तीन तुकडे. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. लग्नात मधलं आणि शेवटचं बदलायचंच, आणि ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नाव काढलं की पहिलंही गेलं. कुर्लेकरांची यमुना अकराव्या वर्षी रानड्यांच्या घरात आली आणि रमाबाई झाली. जुन्या नावातलं काहीच उरलं नाही. (रमाबाई शाळेत कधी गेल्या नाहीत, माधवरावांनी त्यांना घरीच शिकवलं. शिकल्या म्हणून घरातल्याच बायकांनी त्यांना किती टोचून बोलावं, ते त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. घरातच परकं होणं म्हणजे काय ते तिथं वाचावं.) इरावतीबाई कर्वे हुजूरपागेच्या विद्यार्थिनी, हे आपण अभिमानानं सांगतो. पण बाकावर बसली ती करमरकरांची इरावती. ब्रह्मदेशात जन्मलेली, सातव्या वर्षी शिकायला पुण्यात आलेली. त्यांचं पहिलं नाव टिकलं आणि पुढं त्या एवढ्या मोठ्या झाल्या म्हणून धागा जुळतो. बाकीच्यांचा कसा जुळायचा?

गेट-टुगेदरच्या याद्या करणाऱ्यांना विचारा. मुलगा शोधणं सोपं असतं. त्याच्या वडिलांच्या नावावर घर असतं, दुकान असतं, निदान कोणीतरी म्हणतं, "अरे, तो पत्र्या मारुतीजवळचा!" मुलीबद्दल मात्र "तिचं लग्न होऊन ती बहुतेक नागपूरकडे गेली" एवढ्यावर शोध संपतो. आणि शेवटी ती सापडलीच, तर मेळाव्यात तिच्या छातीवर जो बिल्ला लावतात त्यावर सासरचं नाव असतं. समोरची मैत्रीण तो बिल्ला वाचते आणि पुढे निघून जाते. हे मी स्वतः पाहिलंय.

दुसरं कारण, 'फी थकल्यामुळे'.

हा शब्द आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो. नादारी म्हणजे फी माफ. वर्गात नादार मुलांची नावं मोठ्यानं वाचली जात. वर्गशिक्षकांचा त्यात काही वाईट हेतू नसे, फॉर्मवर सही घ्यायची असे एवढंच. पण नाव वाचल्यावर उठून टेबलापर्यंत चालत जाणं त्या मुलाला किती लांब वाटत असेल! महाराष्ट्रात १९६० च्या सुमारास वर्षाला बाराशे रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना फीची सवलत मिळाली. ईबीसी म्हणत तिला. तिनं हजारो मुलं शाळेत टिकली. पण तोवर कितीतरी नावं कमी झाली होती.

आणि पुण्याची खास गोष्ट म्हणजे वार लावून जेवणं. कोकणातून, देशावरून शिकायला आलेली गरीब मुलं सात घरी सात वार लावत, नाहीतर माधुकरी मागत. सदाशिव आणि नारायण पेठेत ती घरोघरी दिसत. १९०९ साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह काय किंवा १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती काय, अशा संस्थांनी या मुलांना हक्काचं छप्पर आणि ताट दिलं. माझे वडील त्याच्या आधीचे, वारावर जेवून शिकलेले. त्यांचा मंगळवार एका वर्गमित्राच्या घरी असे. दोघं एका बाकावर बसत, दोघांचे मार्क सारखेच. पण मंगळवारी दुपारी तो मित्र आपल्या वडिलांच्या पंगतीला बसे आणि माझे वडील ओसरीवर. पुढं वडील पोस्टात चांगल्या हुद्द्यावर चढले, आणि त्या मित्राचा वाडा भाऊबंदकीत गेला. तरीसुद्धा शाळेच्या कुठल्याही समारंभाला वडील गेले नाहीत. आईनं एकदा फारच आग्रह केला तेव्हा म्हणाले, "तिथं जेवण असतं." तेवढंच. मला त्याचा अर्थ कळायला बरीच वर्षं लागली.

तेव्हा मोठं झाल्यानं परकेपणा जातो असंही नाही. शाळेत जी जागा मिळाली, तीच जागा मेळाव्यात मनातल्या मनात पुन्हा मिळते. आपण म्हणतो, "त्याला काय कमी आहे आता?" त्याला आता काहीच कमी नसतं. पण मेळावा आताचा नसतोच ना, तो तेव्हाचा असतो.

तिसरं कारण आमच्या पेठेचं स्वतःचं, आणि ते रकान्यात कधी लिहिलंच गेलं नाही.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण सकाळी फुटलं. बांधकाम पुरतं संपलेलंही नव्हतं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते कसंबसं धरून ठेवलं होतं. तेवढ्यामुळे ते रात्री न फुटता दिवसाउजेडी फुटलं आणि कितीतरी जीव वाचले. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं, मग खडकवासलाही गेलं, आणि सगळी मुठा गावात शिरली. लकडी पूल, नवा पूल पाण्याखाली. नारायण पेठ, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, नदीपलीकडे डेक्कन, सगळीकडे पाणीच पाणी. पुढं चौकशी आयोग नेमला. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी पुन्हा लिहीत नाही.

मला सांगायचंय ते वर्गांबद्दल. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या होत्या. नव्या वह्यांना अजून कव्हरं घालून संपली नव्हती. मी सहावीत होते. आमची पेठ लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला उंच आहे आणि नदीकडे उतरत जाते. रोजच्या चालण्यात हा उतार जाणवतही नाही, पण त्या दिवशी त्या उतारानंच सगळं ठरवलं. वरच्या अंगाला राहणाऱ्यांच्या घरात चिखल आला किंवा तेवढाही आला नाही. खालच्या गल्ल्यांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाणी ओसरताना बसले. लाकडी खांब-तुळया उभ्या आणि भिंती विरघळलेल्या, असे कितीतरी दिवस दिसत होते. वाड्याच्या मालकाला निदान खालची जमीन उरली. बिऱ्हाडकरूंना काहीच उरलं नाही. आधी उंचावरच्या शाळांमध्ये पूरग्रस्तांची सोय झाली (ज्या बाकांवर बसायचं त्याच बाकांच्या आडोशाला संसार मांडले होते), मग निसन हट्स, मग गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती. काहीजण गावाकडे निघून गेले ते परत आलेच नाहीत.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा वर्गात मोकळ्या जागा होत्या. बाई काही दिवस ती नावं हजेरीत पुकारत राहिल्या. मग पुकारायच्या थांबल्या. हे मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, कारण मी तेव्हा त्या वर्गात नव्हते. आमचं बिऱ्हाड खालच्या गल्लीत होतं. वाडा बसला, आम्ही वेळेवर बाहेर पडलो म्हणून वाचलो. आई मला आणि भावाला घेऊन साताऱ्याला मावशीकडे गेली. दोन वर्षांनी नारायण पेठेतच दोन खोल्या मिळाल्या आणि आम्ही परत आलो, पण आधीच्या शाळेत जागा नव्हती. मग दुसरी शाळा, दुसरा वर्ग. तिथं मी अकरावीपर्यंत शिकले, पण तिथल्या मुलींच्या आठवणी पाचवीपासूनच्या आणि माझ्या आठवीपासूनच्या. पहिल्या शाळेत सुरुवात माझी आणि शेवट त्यांचा, दुसऱ्या शाळेत शेवट माझा आणि सुरुवात त्यांची. अशी माझी अर्धी-अर्धी दोन शाळांत वाटणी झाली.

२०१७ साली पहिल्या शाळेतल्या मुलींनी एस.एस.सी.ला पन्नास वर्षं झाली म्हणून मेळावा घेतला. एका मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून गेले. सगळ्याजणी प्रेमानं भेटल्या. मग आठवणी निघाल्या. नववीची सहल, दहावीतलं नाटक, अकरावीच्या निरोप समारंभातली रडारड. मी हसण्याच्या जागी हसत होते. एकीनं अगदी साधेपणानं विचारलं, "तू आमच्यात होतीस का गं?" मी म्हटलं, "होते, पुरापर्यंत." त्यावर टेबलावर एकदम शांतता पसरली. मग दुसरी म्हणाली, "अगं हो की! पुरानंतर आपला वर्ग निम्मा झाला होता, नाही का?" आणि छप्पन्न वर्षांनी पहिल्यांदाच त्या गेलेल्या मुलींची नावं आठवायला लागल्या. पाच-सहा नावं आठवली. पुढची आठवेनात.

घरी येऊन मी जपून ठेवलेला दाखला काढला. शाळा सोडण्याचे कारण, 'पालकांच्या विनंतीवरून'. कोणती विनंती? कोणी केली होती? क्लार्कचा त्यात दोष नाही. छापील वाक्यं दोन-चारच होती आणि त्यांत 'महापूर' हा शब्द नव्हता. पण त्यामुळे झालं काय, की एवढी मोठी घटना आमच्या वर्गाच्या कागदावर कुठं उमटलीच नाही. उद्या कोणी ते रजिस्टर चाळलं, तर त्या वर्षी अचानक इतक्या पालकांना एकदम शाळा बदलायची विनंती का करावीशी वाटली, असा प्रश्न त्याला पडेल!

थोडं हलकं घेऊ या. १९७५ साली तर सरकारनंच बॅचचा घोळ करून ठेवला. त्या वर्षी जुन्या अकरावीची शेवटची एस.एस.सी. आणि नव्या दहावीची पहिली एस.एस.सी. एकदम झाली. एकाच साली एकाच शाळेतून दोन वर्ग बाहेर पडले. आता 'पंचाहत्तरची बॅच' म्हटलं की मोठे म्हणतात आम्ही, धाकटे म्हणतात आम्ही. एका मेळाव्याला तर दोघंही आले आणि निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांना ओळखत नव्हते. तिथं मात्र परकेपणाचं कोणाला वाईट वाटलं नाही, कारण सगळेच सारखे परके. हसून हसून पुरेवाट झाली म्हणे.

आणि आम्हा शिक्षकांचं काय? मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो तो दहावीच्या शिक्षकांचा. गणिताचे सर, इंग्रजीच्या बाई. मी आयुष्यभर पाचवी ते सातवीला मराठी आणि इतिहास शिकवला. जोडाक्षरं लिहायला ज्यांनी शिकवलं त्यांना सहसा कोणी बोलावत नाही, कारण यादी शेवटापासून सुरू होते. ही तक्रार नाही हो, नुसतं निरीक्षण आहे!

शाळा सोडण्याच्या कारणांमध्ये एक कारण मात्र पुण्यात फार गाजलं. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आगरकर एम.ए. होऊन त्यांना मिळाले. टिळक-आगरकर डेक्कन कॉलेजातले सोबती. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पण पुढं सामाजिक सुधारणेवरून आणि संस्थेच्या कारभारावरून बेबनाव झाला. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि १८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. सोडताना त्यांनी कारणांचं भलंमोठं निवेदन लिहून दिलं. आपल्या दाखल्यावर दोन शब्द मावत नाहीत आणि टिळकांनी पानंच्या पानं लिहिली. मला ते फार आवडतं. मतभेद कोणाचा बरोबर, कोणाचा चूक हे बाजूला ठेवा, पण गेलेल्या माणसानं आपण का गेलो ते आपल्या शब्दांत नोंदवून ठेवलं.

१७ जून १८९५ ला आगरकर गेले, चाळिशीही गाठली नव्हती. टिळक १९०५ साली गायकवाडांचा वाडा घेऊन आमच्या पेठेत राहायला आले, तोच केसरीवाडा. तिथून रमणबाग अगदी जवळ. स्वतः काढलेल्या शाळेचं नाव रोज कानावर पडावं आणि त्या शाळेशी आपला संबंध मात्र उरलेला नसावा. त्यांना काय वाटत असेल, ते सांगणारी मी कोण? पण त्या रस्त्यानं जाताना मला ते आठवतं खरं.

तर मुद्दा असा, मंडळी. मेळाव्यात परकं वाटणाऱ्या माणसाला "तू जरा मिसळत जा" असा सल्ला देऊन फारसा उपयोग नाही. त्याच्या ओळीच्या शेवटी काय लिहिलंय ते आधी बघावं. मुलीचं लग्न झालं, फी थकली, घर पाण्यात गेलं, वडिलांची बदली झाली, नापास झाला. या सगळ्या गोष्टी दहा-बारा वर्षांच्या मुलांवर येऊन पडल्या होत्या, त्यांनी त्या निवडल्या नव्हत्या. आणि जे शेवटपर्यंत टिकले त्यांनीही फार मोठा पराक्रम केला असं नाही. त्यांची गल्ली जरा उंचावर होती, एवढंच.

याला उपाय आहे आणि तो सोपा आहे. बॅच मोजायची ती शेवटच्या परीक्षेवरून नको, दाखल झालेल्या वर्षावरून. बिल्ल्यावर शाळेतलं नाव लिहावं, खाली बारीक अक्षरात आताचं. आणि "सध्या काय करतोस?" या प्रश्नाऐवजी "तू कोणत्या बाकावर बसायचास?" असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे असतं, चौथीत शाळा सुटलेल्याकडेही.

आम्ही पाच-सहाजणींनी यंदा तसं करायचं ठरवलंय. जून १९६० मध्ये पाचवीत ज्या ज्या होत्या त्या सगळ्या. जुनं रजिस्टर काही हाती लागलेलं नाही, म्हणून एका मोठ्या कागदावर वर्गाचा नकाशा काढला. खिडक्या कुठं, फळा कुठं, दार कुठं, आणि बाकाबाकावर नावं लिहीत गेलो. आतापर्यंत एकतीस नावं भरली आहेत. काही ठिकाणी फक्त खूण आहे. 'दोन वेण्या, चित्रं छान काढायची', 'मोदी गणपतीजवळ राहायची', 'हिचे वडील छापखान्यात होते'. बारा-तेरा जागा अजून रिकाम्याच आहेत.

तेव्हा घरातल्या आईला, आजीला, मावशीला, आत्याला जरा विचारून बघा. पुराच्या आधी नारायण पेठेत शाळेत होती का, आणि कोणत्या बाकावर बसायची. असेल तर मला कळवा. आणि तुमचा स्वतःचा दाखला कपाटात असेल तर तोही काढून बघा, शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय. खरं कारण तेच असेल तर उत्तम. नसेल, तर खरं काय होतं ते एका कागदावर लिहून त्या दाखल्याला टाचून ठेवा. मी माझ्या दाखल्याला टाचलंय.